टोल्किनच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीवर मुलांचं नाटक करायचंय, 13 बुटके प्रेक्षकांना वेगवेगळे कसे कळतील?

टोप्यांच्या रंगांनी. रंग पुस्तकातच दिलेत: द्वालिन गडद हिरवी, बालिन लालभडक, फिली आणि किली निळी, बिफुर-बोफुर पिवळी, जाड्या बॉम्बुर फिकट हिरवी, थोरिन आकाशी आणि तिला लांब चंदेरी गोंडा. ओरी-नोरी वगैरे उरलेल्या पाच जणांत दोन जांभळी, राखाडी, तपकिरी, पांढरी वाटून टाका, तिथं कुणी मोजत नाही. कापड नागपूरच्या इतवारी बाजारात मिळेल. दाढ्या मात्र गमानं चिकटवू नका. नागपूरच्या मे महिन्यात घामानं पहिल्या प्रवेशातच लोंबतील. लोकरीची दाढी करून इलॅस्टिकनं कानामागे अडकवा.

सगळ्यांना एकदम रंगमंचावर आणू नका. कथेचा नायक हॉबिट बिल्बो, त्याच्या दारात ते 1, 1, 2, 5 आणि शेवटी 4 असे येतात. आधी दर वेळी घंटा वाजते, शेवटच्या वेळी काठीनं दार ठोकलं जातं, आणि त्याचा चेहरा आणखी पडतो. निम्मा हशा तिथंच.

प्राण्यांत तीन ट्रोल (राक्षस), गुहेतला विचित्र जीव गॉलम, कोळी आणि ड्रॅगन स्मॉग पुरेत. गरुड आणि वॉर्ग (दुष्ट लांडगे) गाळले तरी चालतील, नुसते आवाज द्या. ट्रोल पहाटेच्या उजेडानं दगड होतात, तेव्हा पिवळा दिवा हळूहळू चढवा. झटकन लावलात तर मुलं गोठायच्या आधीच हसतात. स्मॉगचं डोकं तेवढं करा, पण छातीचा डावा भाग दिसायलाच हवा. उघडी जागा तिथं आहे, धनुर्धारी बार्डचा काळा बाण तिथंच लागतो आणि स्मॉग मरतो. बऱ्याच जणांना वाटतं बिल्बो मारतो. तो फक्त जागा हेरतो.

लेगोलास (एल्फ धनुर्धारी) कुणी मागितलाच तर, तो 1937च्या पुस्तकात नाही, सिनेमात घुसवलाय.