डोकी वीस, हिशेबात सात

बडोदे

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

काळविटांचा कळप आता तुझ्याकडे आहे: 2 नर, 18 माद्या. वीस डोकी म्हणजे बरा कळप, असं तू लिहिलंयस. आता हे गणित कर. नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले एकूण. उत्तर 7.2. कागदावर वीस असले तरी आनुवंशिक हिशेबात तुझा कळप सातांचाच. दर पिढीला सुमारे 7 टक्के विविधता गळते, पाच पिढ्यांत 30 टक्के. 10 नर आणि 10 माद्या असत्या तर 12 टक्क्यांवर भागलं असतं. तुझ्या 7.2 मध्येही दोन्ही नर सारखेच बाप होतात असं धरलंय. प्रत्यक्षात दांडगा काळा नर दुसऱ्याला माद्यांजवळ फिरकू देत नाही. मग सातचे चार उरतात.

पण म्हणून दहा नर एकाच आवारात सोडशील तर एकमेकांची पोटं फाडतील. नरांचं आवार वेगळं कर. माद्यांत एका वेळी एकच नर ठेव आणि तो बदलत राहा. दोन पाळ्यांमध्ये महिनाभर माद्या एकट्या राहू देत, म्हणजे पाडस कोणाचं हे तारखेवरून कळतं. जुना नर पुन्हा आत सोडताना त्याच्या लेकी वयात आल्यात का ते बघ. बाप-लेकीच्या पाडसाचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता, 0.25, सख्ख्या भावंडांच्या पाडसाइतकाच. याने लगेच विचित्र पाडसं जन्मत नाहीत. पहिल्या महिन्यात दगावणारी वाढतात, आणि आपण खापर थंडीवर फोडतो.

बाप ठाऊक नसेल तर नोंदवहीत 'अज्ञात' लिही. अंदाजाने लिहिलेला बाप पुढच्या सगळ्या वंशावळीत शिरतो. आणि ती वही खालच्या फडताळात ठेवू नकोस. विश्वामित्री नदी चढली की काय होतं ते तुला सांगायला नको.

लेंड्यांवरून डीएनए काढायचा तर पहाटेच्या, अजून ओलसर चकाकणाऱ्या उचल. आतड्याच्या पेशी त्या चकाकीतच असतात. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते, म्हणून सिलिका जेल किंवा इथेनॉल वापर. प्रत्येक नमुन्याला नवा हातमोजा. प्रयोगशाळेला प्रत्येक नमुना तीन-चारदा वाचायला सांग. खराब डीएनएत जनुकाच्या जोडीतलं एक रूप वाचायचं राहून जातं, आणि चांगला मिश्र प्राणी अंतःप्रजनित दिसतो. हीच चूक सगळ्यात जास्त होते.

बाहेरून नर आणताना त्याची शिंगं बघून भुलू नकोस, वंशावळ माग. ज्या झूला आपल्याकडूनच कळप गेला होता, तिथून नर आणणं म्हणजे घरचाच पुतण्या पाहुणा म्हणून आणणं. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते. आल्यावर निदान 30 दिवस विलगीकरण.

संख्या वाढली की सगळं भरून येतं, हा समज गीरमुळे पसरलाय. 2025च्या गणनेत गीर आणि भोवतालच्या भागात मिळून 891 सिंह आहेत, पण ते शंभरेक वर्षांपूर्वी उरलेल्या थोड्यांचेच वंशज. हरवलेली जनुकीय रूपं नुसत्या प्रजननाने परतत नाहीत.

नर हलवायला थंडीची पहाट चांगली. उन्हात दामटलास तर स्नायू निकामी होऊन तो दोन-चार दिवसांनीही मरतो. फक्त उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा आठवडा टाळ. गच्चीगच्चीवरच्या भोंग्यांनी कळप आधीच बिथरलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणानंतरही कुंपणावर मांजा लटकत असतो. तो आधी वेचून काढ.

कळावे.