रोगांचा नकाशा आणि मुलांची बुद्धी

प्रिय मित्रा,

तुझा संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. ज्या देशांत संसर्गजन्य रोगांचा भार अधिक, तेथील सरासरी बुद्ध्यांक कमी, हा एपिग, फिंचर आणि थॉर्नहिल या संशोधकांनी 2010 मध्ये मांडलेला निष्कर्ष तू पाया मानला आहेस. त्यामागचा तर्क मला पटतो. नवजात बालकाच्या विश्रांत अवस्थेतील ऊर्जेपैकी सुमारे 87 टक्के ऊर्जा मेंदूलाच लागते. त्यात अतिसार आणि जंत वाटेकरी झाले, तर मेंदूच्या वाढीला झळ पोचू शकते. परंतु त्यांनी घेतलेले देशवार बुद्ध्यांक अनेक ठिकाणी अपुऱ्या नमुन्यांवर, तर काही ठिकाणी केवळ शेजारच्या देशांवरून बांधलेल्या अंदाजांवर उभे आहेत; शिवाय रोगराई, दारिद्र्य आणि कुपोषण एकाच घरात नांदतात. अशा आकड्यांवरून एखाद्या प्रदेशातील माणसांविषयी लिहिताना तुझी लेखणी थबकली पाहिजे.

म्हणून आधी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचा इतिहास वाच. 1910 च्या सुमारास तेथील जवळपास 40 टक्के शाळकरी मुलांना अंकुशकृमींची बाधा होती. अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरणारा हा कृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतो. मूल फिकट आणि सुस्त होते, आणि त्या सुस्तीला लोक आळस म्हणत. आजारालाच स्वभाव ठरवले गेले, हे मला आजही अस्वस्थ करते. 1909 मध्ये स्थापन झालेल्या रॉकफेलर स्वच्छता आयोगाने गावोगाव तपासण्या केल्या, थायमॉल हे जंतनाशक औषध दिले, शौचालयांचा प्रसार केला. अर्थशास्त्रज्ञ हॉइट ब्लीकली यांनी 2007 मध्ये दाखवले की, जेथे बाधा मुळात अधिक होती, तेथे मोहिमेनंतर पटसंख्या, हजेरी आणि साक्षरता अधिक वाढली. प्रौढांमध्ये मुळातच बाधा बरीच कमी होती; त्यांच्यात मात्र त्या काळात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन देशांचे बुद्ध्यांक शेजारी मांडण्यापेक्षा ही तुलना कारणाच्या कितीतरी जवळ नेते.

तरीही याचा अर्थ ताणू नकोस. सरसकट सर्व मुलांना जंतनाशक देण्याच्या प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2015 मध्ये घेतलेला आढावा आकलनात सरासरी सुधारणा दाखवत नाही. आपल्या अंगणवाड्यांत दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी पोटातले जंत मारते. मुलाच्या पायाखालची दूषित माती मात्र तशीच राहते.

‘बुद्धी’ हा शब्द तू आराखड्यात जेथे जेथे वापरला आहेस, तेथे प्रत्यक्षात काय मोजणार आहेस (स्मरण, वाचन की केवळ हजेरी) ते लिही, आणि सुधारित प्रत मला पाठव.

तुझा हितचिंतक