ऑनलाइन जपानी शिकून नोकरीत खरंच फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलची पदवी आहे, क्वालिटी विभागात तीन वर्षं काढलीत, राहता नाशिकला. पुण्यात क्लासला जाणं शक्य नाही, मग घरबसल्या जपानी शिकून काही हाती लागेल का आणि किती वेळ जाईल?

हाती लागेल, पण एन५ वर नाही. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेच्या पाच पातळ्यांतली एन५ ही सगळ्यात खालची. तेवढ्यावर कुणी नोकरी देत नाही. तुमच्या अनुभवाला जोड मिळायची असेल तर एन३ गाठायला हवी, आणि निव्वळ भाषांतराचं काम हवं असेल तर एन२. रोज दीड तास, सुट्टी न घेता, असा हिशोब धरला तर एन५ ला पाच-सहा महिने, एन४ ला तेवढेच, आणि तिथून एन३ ला आठ-दहा महिने. म्हणजे साधारण दोन वर्षं. एवढी तयारी नसेल तर क्लासची फी भरू नका, हे मी कळकळीने सांगतो.

आता मुख्य मुद्दा. जपानी इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. ऑनलाइन साहित्य बहुतेक इंग्रजीत आहे, त्यामुळे आपण नकळत आधी इंग्रजीत विचार करतो आणि सोपी गोष्ट अवघड करून बसतो. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि विभक्ती नामाच्या मागे लागते, अगदी आपल्यासारखी. ‘मित्राला भेटणे’ म्हणजे ‘तोमोदाचि नि आउ’. इथला ‘नि’ म्हणजे आपला ‘ला’. इंग्रजीतून गेलात की हा ‘नि’ हमखास गळतो. ‘मला कॉफी आवडते’ यात मराठीत कॉफी कर्ता आहे, जपानीतही ‘कोही गा सुकि’, यातला ‘गा’ कर्त्याला लागतो. इंग्रजीच्या वाटेने येणारे तिथे कर्माचा ‘ओ’ लावतात आणि गुण घालवतात.

क्रियापदांच्या जोड्या तर बघाच. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे, ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘यात्ते ओकु’ म्हणजे करून ठेवणे. पडणे-पाडणे तसं ‘ओचिरु-ओतोसु’. एन४ ला मुलं जिथे अडखळतात तो हाच भाग, आणि तो आपल्या घरचा आहे. वहीत शेजारी मराठी अर्थ लिहा, इंग्रजी नको.

मराठी दगा देते ती दोन ठिकाणी. आपल्याला ‘आहे’ एकच. जपानीत माणूस-प्राण्यांना ‘इरु’, वस्तूंना ‘आरु’. दुसरं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. बोलताना आपण इकार-उकारांची लांबी फारशी पाळत नाही. जपानीत ‘युकि’ म्हणजे बर्फ आणि ‘यूकि’ म्हणजे धैर्य. ऐकण्याच्या पेपरात हीच चूक महागात पडते, कारण ध्वनिफीत एकदाच वाजते. उच्चारात एक सोय मात्र आहे: ‘त्सु’ म्हणजे आपल्या ‘चूल’मधला च, ‘चि’ म्हणजे ‘चिमणी’मधला.

सुरुवात हिरागाना आणि काताकाना या लिप्यांनी करा. दोन्हींत ४६-४६ मूळ अक्षरं आहेत. तीन आठवड्यांत दोन्ही होतात. रोमन लिपीत लिहिलेलं जपानी त्यानंतर अजिबात वाचू नका. पाठ्यपुस्तक म्हणून ‘मिन्ना नो निहोंगो’ घ्या. पहिल्या भागाचे २५ धडे एन५ ला आणि दुसऱ्याचे २५ एन४ ला पुरतात. जपान फाउंडेशनचा ‘इरोदोरी’ अभ्यासक्रम ध्वनिफितींसह फुकट आहे, त्यातून रोजचं बोलणं चांगलं येतं. शब्दांसाठी अन्की हे उजळणीचं ॲप वापरा, पण दिवसाला नवे १५ च. पहिल्या आठवड्यात उत्साहाने रोज ५० टाकले की दुसऱ्या आठवड्यात उजळणीचे ढीग साचतात आणि ॲप बंद पडतं.

कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, सुट्या पाठ करू नका, तुमच्या कामाच्या शब्दांतून शिका. बुहिन म्हणजे सुटा भाग, हिन्शित्सु म्हणजे गुणवत्ता. दोन्हींत तीन चौकटी रचल्यासारखी दिसणारी ‘हिन’ ही एकच कांजी आहे. फुऱ्यो म्हणजे सदोष माल, केन्सा म्हणजे तपासणी, झुमेन म्हणजे ड्रॉइंग, नोउकि म्हणजे माल देण्याची तारीख. हे शब्द एन५ च्या यादीत नाहीत, पण मुलाखतीत तुम्हाला वेगळं काढतील ते हेच.

ऑनलाइन क्लास निवडताना बॅचमध्ये १०-१२ पेक्षा जास्त मुलं नकोत. एका तासात प्रत्येकाला किती वाक्यं बोलायला मिळतात ते एका चाचणी तासाला बसून मोजा. रेकॉर्ड केलेले तास स्वस्त पडतात, पण उच्चार दुरुस्त करणारं कुणी नसतं. आणि जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही, त्यामुळे एन३ पास झालेला माणूस मुलाखतीत गप्प बसतो असं सर्रास होतं. रोज दहा मिनिटं ध्वनिफितीच्या मागोमाग मोठ्याने बोला. एका मिनिटाची स्वतःची ओळख, ‘जिको शोकाइ’, आणि तुमच्या प्लांटमधल्या एका कामाचं वर्णन तोंडपाठ ठेवा.

परीक्षा भारतात जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे केंद्र आहे. अर्ज काही महिने आधी निघतात आणि जागा पटकन भरतात, म्हणून मार्च आणि ऑगस्टपासूनच लक्ष ठेवा. एन३ ला १८० पैकी ९५ लागतात, शिवाय तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९. एकूण १२० मिळाले आणि ऐकण्यात १८, तरी नापास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

‘एन४ करा, लगेच जपानला पाठवतो’ म्हणणारे एजंट बहुधा ‘तोकुतेइ गिनो’ या कुशल कामगारांच्या व्हिसाबद्दल बोलत असतात. त्याला एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी भाषा-परीक्षा चालते, सोबत त्या कामाची कौशल्य परीक्षा लागते. तुमच्याकडे पदवी आहे, म्हणजे इंजिनिअरच्या व्हिसाची वाट मोकळी आहे. दोन्हींत काम आणि पगार वेगळे. पैसे देण्याआधी व्हिसाचा प्रकार लेखी मागून घ्या.