मधल्या सुट्टीत वर्ग बंद

“मॅडम, पाच वर्षं झाली घरून काम करतेय. लोकलची धक्काबुक्की वाचली, वेळ वाचला. तरी ऑफिसला जात होते तेव्हा दमायचे त्याहून आता जास्त दमते. परवा मुलानं साधं गणित विचारलं, तर मी त्याची वही भिरकावली.”

ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत त्या हे सांगत होत्या, तेव्हा त्यांचा अंगठा मोबाईलवर सारखा फिरत होता. मी नुसतं बघितलं. त्या म्हणाल्या, “थोडा वेळ हात थांबला आणि ऑफिसच्या ॲपवर ‘कामात आहे’ दाखवणारा हिरवा ठिपका पिवळा झाला की वाटतं, सगळे म्हणतील ही घरी झोपा काढते.” त्या दिवशी त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली होती.

ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून, त्यांच्या परवानगीनं हा अनुभव लिहिते आहे. कारण “घरीच तर असते, मग ब्रेक कसला घ्यायचा?” हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. विचारणारे पुरुषही असतात. पण बायकांच्या प्रश्नात अपराधीपणा जास्त असतो.

घोडबंदर रोडला, कासारवडवलीत त्यांचं घर. नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. पहिल्या भेटीनंतर मी त्यांना एका दिवसाची नोंद ठेवायला सांगितली. पुढच्या वेळी वही आली. त्यात पाच ठिकाणी ‘ब्रेक’ लिहिलं होतं: कुकर लावला. वाण्याकडून आलेलं सामान भरलं. कपडे वाळत घातले. मुलाला क्लासला सोडलं. पलंगावर पडून रील्स पाहिल्या, बावीस मिनिटं.

“यातलं तुमचं कुठलं?” मी विचारलं.

त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “रील्स. पण त्यानंतर तर डोकं जास्तच दुखलं.”

दुखणारच होतं. जवळच्या पडद्यावर दिवसभर खिळलेले डोळे एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर गेले, एवढंच. पडद्याकडे बघताना आपण पापण्याही कमी मिटतो, मग डोळे कोरडे पडतात. बाकीचे चार तर सरळ सरळ घरकामच. त्यातही हातातली फाईल अर्धवट टाकून त्या कुकरकडे जात, शिट्ट्या मोजताना फाईल आठवत, फाईलपाशी परतल्या की कुकर. सोफी लेरॉय या संशोधिकेनं 2009 मध्ये दाखवलं होतं की एक काम सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. या बाईंचं लक्ष दिवसभर असंच तुकड्यातुकड्यांत वाटलेलं होतं.

मग मी त्यांना ऑफिसचे दिवस विचारले, आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. ठाण्याहून ऐरोलीला जाणारी ट्रान्स हार्बर लोकल, लेडीज डब्यातल्या मैत्रिणी, खिडकीतून दिसणारी खाडी, चार वाजता टपरीवरचा चहा. तेव्हा विश्रांती मागावी लागत नव्हती, दिवसातच विणलेली होती. घरून काम सुरू झालं तेव्हा प्रवासाबरोबर तीही गेली, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी सुचवलं ते अगदी थोडं. साडेअकराला दहा मिनिटं गॅलरीत उभं राहायचं, मोबाईल आत ठेवून. उठण्यापूर्वी कागदावर एक ओळ लिहायची: परत आल्यावर काय करायचं आहे. डोळ्यांसाठी दर 20 मिनिटांनी 20 फूट लांब 20 सेकंद बघा, असं सांगतात. त्यांच्या फ्लॅटमध्ये वीस फुटांवर भिंतसुद्धा नव्हती. गॅलरीतून येऊरचे डोंगर मात्र दिसत होते.

पहिला आठवडा फसला. गॅलरीत गेल्या की त्या कुंड्या साफ करत. एकदा खरंच नुसत्या उभ्या राहिल्या, तर सासूबाईंनी विचारलं, “बरं नाही का गं?” घरातली बाई रिकामी दिसली तर ती आजारीच असणार, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की प्रेमाच्या माणसाच्या तोंडूनही तेच येतं.

म्हणून तिसऱ्या भेटीला मी सासूबाईंना बोलावलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. सगळं ऐकून म्हणाल्या, “म्हणजे हिला मधली सुट्टीच नाही! आम्ही मधल्या सुट्टीत एकाही पोराला वर्गात बसू द्यायचो नाही. अभ्यासू पोरं चिकटून बसायची, त्यांना हाताला धरून बाहेर काढायचो.”

इतके दिवस मी ‘ब्रेक’ म्हणत होते. त्यांच्या शब्दानं जे झालं, ते माझ्यानं होत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी एक वाजता सासूबाई येऊन लॅपटॉप मिटू लागल्या, आणि दोघी टेबलावर बसून जेवू लागल्या. कुकरची जबाबदारी नवऱ्यानं घेतली, थोड्या कुरकुरीनंतर.

ऑफिसचं काय, ही भीती उरलीच होती. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सलग ठरावीक तास काम झालं की किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली आहे, हे मी त्यांना दाखवलं. भांडायला नाही, तर आपण मेहेरबानी मागत नाही, हे मनाला पटावं म्हणून. त्यांनी टीमच्या वरिष्ठांना साधा निरोप पाठवला: एक ते दीड जेवते, नंतर उत्तर देईन. “ओके” असं उत्तर आलं. ज्याला त्या पाच वर्षं घाबरल्या, ते एका शब्दात संपलं. सगळीकडे इतकं सोपं नसतं, काही वरिष्ठ खरोखरच ठिपके मोजतात. तिथे वेगळं बोलावं लागतं.

एक गोष्ट आवर्जून सांगते. डोकेदुखीसाठी मी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडेही पाठवलं होतं. चष्म्याचा नंबर बदलला होता. प्रत्येक दुखणं मनाचंच असतं, असं समुपदेशकानं धरून चालू नये.

महिनाअखेरीला त्यांची सुट्टी अजूनही बुडते. संध्याकाळी लॅपटॉप बंद केल्यावर मात्र त्या सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन येतात, मगच मुलाच्या वहीला हात लावतात.

शेवटच्या भेटीत पुढची वेळ ठरवताना मी दुपारी एक सुचवली. त्यांनी आधी मान हलवली, मग थांबल्या.

“एकला नको मॅडम, तेव्हा माझी सुट्टी असते. सहाची द्या.”