पाण्यावर बुचांत उभ्या टोचून तरंगवलेल्या चुंबकी सुयांमध्ये सहावी मध्येच का जाऊन बसते?

सुया एकमेकींना ढकलतात, वर धरलेला चुंबक सगळ्यांना मध्याकडे ओढतो. सहा जणींची एकाच कड्यात दाटी होते, म्हणून एक आत, पाच बाहेर. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आल्फ्रेड मेयर यांनी १८७८ मध्ये हाच खेळ मांडला होता.

सांगलीत आम्ही परातीत बुचांना सुया टोचून केलंय. सगळ्यांचा एकच ध्रुव वर हवा, नाहीतर त्या चिकटतात (आमच्या चिकटल्या!). पाच सुया मात्र लहरी: कधी पंचकोन, कधी चौघी बाहेर नि एक मध्ये.

धक्का दिला की अख्खा घोळका डुलतो किंवा कडं फुगतं-आकसतं. सुयांऐवजी एकसारखे विद्युतभारित कण असतील आणि मध्याकडची ओढ अंतराच्या प्रमाणात वाढत असेल, तर फुगण्या-आकसण्याची वारंवारता डुलण्याच्या √३ पट, म्हणजे सुमारे १.७३ पट. कण कितीही असोत!