रंगो बापूजींचा देश कोणता?

सातारा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेलं तुझं भाषणाचं टिपण मिळालं. ‘देशाशी द्रोह करणारा नायक ठरू शकतो का?’ या प्रश्नाला तू पहिल्याच ओळीत ‘कदापि नाही’ असं उत्तर देऊन खाली दोन रेघा मारल्या आहेस. तुझी तळमळ कळते, पण त्या दोन रेघा मला खटकल्या. साताऱ्यात वाढलेल्या मुलीनं हे उत्तर एवढ्या घाईनं देऊ नये.

८ सप्टेंबर १८५७ ला इथल्या गेंडामाळावर सतरा जणांना मारलं. काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या. गुन्हा काय, तर सरकारविरुद्ध बंड. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम त्यांतच गेला. आता रंगो बापूजी कोण होते ते नीट बघ. ईस्ट इंडिया कंपनीनं १८३९ मध्ये साताऱ्याच्या गादीवरच्या प्रतापसिंह महाराजांवर कटाचा आरोप ठेवून त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षं तिथंच राहिले. अर्ज केले, सभांमधून बोलले, कंपनीच्या डायरेक्टरांचे उंबरे झिजवले, कर्जात बुडाले. मधल्या काळात महाराज काशीतच वारले आणि १८४८ मध्ये राज्यही खालसा झालं. न्याय मागण्याच्या साऱ्या सनदशीर वाटा चालून झाल्यावर हा माणूस परत आला आणि मग कटात उतरला. कट फुटला. त्यांच्या डोक्यावर इनाम लागलं, पण ते कधीच सापडले नाहीत.

सरकारी कागदांत ते राजद्रोही आहेत. आपण साताऱ्यातल्या चार भिंती या स्मारकावर त्यांच्या नावानं हात जोडतो. म्हणून भाषणात पहिला प्रश्न हा घे, की द्रोह कुणाशी? गादी बळकावून बसलेल्याशी, की त्या मातीतल्या माणसांशी? १९४३ नंतरच्या प्रतिसरकारलाही, म्हणजे इंग्रजांना झुगारून आपल्या भागात चालवलेल्या समांतर सरकारलाही, हीच कसोटी लाव. शेणोलीला पगाराची गाडी लुटणारे त्या वेळच्या कायद्यानं दरोडेखोरच होते. सांगलीचा तुरुंग २४ जुलै १९४३ ला फोडून, खंदकात उड्या टाकून पळालेले वसंतदादा आणि त्यांचे सोबती फरार कैदी होते. दादांना गोळी लागली, दोन साथीदार जागच्या जागी गेले. तेच दादा पुढे मुख्यमंत्री झाले.

पण एवढ्यावर थांबलीस तर परीक्षक म्हणतील, राज्य परक्यांचं होतं, मग द्रोह कसला? बरोबरच आहे. खरी अवघड जागा पुढे आहे. राज्य आपलं, सैन्य आपलं, आपण शपथ घेतलेली, आणि तरीही उलटायचं. जर्मनीचा कर्नल श्टाउफेनबर्ग घे. १९३४ पासून तिथल्या सैनिकांची शपथ थेट हिटलरच्या नावानं असे. या माणसानं २० जुलै १९४४ ला बॅगेतून बॉम्ब नेऊन हिटलरच्या टेबलाखाली ठेवला. हिटलर वाचला. त्याच रात्री बर्लिनमध्ये लष्करी कचेरीच्या अंगणात श्टाउफेनबर्गला गोळ्या घातल्या. युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षं पुष्कळ जर्मन लोक त्याला गद्दारच म्हणत. आज त्या अंगणात स्मारक आहे आणि २० जुलैला नव्या सैनिकांचा शपथविधीही त्याच इमारतीच्या आवारात अनेकदा होतो. तो निर्मळ होता असं लिहू नकोस. आधीची कितीतरी वर्षं तो त्याच राजवटीच्या लढाया लढला होता. पण वेळ आली तेव्हा शपथ मोडायची आणि त्याची किंमत आपल्या जिवानं द्यायची, हे त्यानं केलं. माझ्या लेखी तो नायक आहे.

याच्या उलट बेनेडिक्ट आर्नल्ड. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७७ च्या साराटोगाच्या लढाईत, त्यानं पायावर गोळी झेलून विजय आणला. तीनच वर्षांनी पैशांसाठी वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांना द्यायला निघाला. साराटोगाला त्याच्या जखमी पायाचं स्मारक आहे. दगडात कोरलेला एक बूट, खाली शौर्याची स्तुती, आणि नाव मात्र कुठंच नाही. हे उदाहरण भाषणात जरूर घे. बोलताना मध्ये थोडं थांबलीस तर सभागृह गप्प होईल.

तू विचारशील, पैसे न घेता, केवळ तत्त्वासाठी फितूर झाला तर? इंग्रजांच्या हेरखात्यात राहून सोव्हिएत रशियासाठी हेरगिरी करणारा किम फिल्बी तसाच होता. तो १९६३ मध्ये मॉस्कोला पळाला आणि १९९० मध्ये सोव्हिएत सरकारनं त्याचं टपाल तिकीटही काढलं. पण १९४५ मध्ये इस्तंबूलचा वोल्कोव नावाचा सोव्हिएत अधिकारी इंग्रजांकडे यायला निघाला, तेव्हा फिल्बीनं मॉस्कोला आधीच खबर दिली. वोल्कोवला उचलून नेलं आणि तो संपला. तत्त्व फिल्बीचं आणि मान वोल्कोवची. अशा माणसाला मी नायक म्हणणार नाही, त्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी.

आणखी एक. आपल्या जिल्ह्यातलं मिलिटरी अपशिंगे विसरू नकोस. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जवान इंग्रजांच्या फौजेत लढताना पडले. ते फितूर नव्हते. त्यांनी दिलेला शब्द पाळला. प्रतिसरकारची थोरवी सांगताना त्यांना कमी लेखणारं एकही वाक्य नको.

आणि सूर्याजी पिसाळाचा परिच्छेद सरळ काढून टाक. त्याच्या फितुरीनं रायगड मोगलांच्या हाती पडल्याची जी गोष्ट आपण ऐकत आलो, तिच्याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. वाईकडे त्या आडनावाची पोरं आहेत, तुझ्या स्पर्धेतही एखादा असेल. पुरावा हातात नसताना कुणाच्या साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाला व्यासपीठावरून गद्दार म्हणणं मला अजिबात पटत नाही. हल्ली हा शब्द मतभेद झाला की लगेच तोंडात येतो, तुझ्याही टिपणात तो सात-आठदा आलाय. जिथं कृत्य सांगता येतं तिथं कृत्य सांग, शिक्का नको.

रविवारी सकाळी चार भिंतीवर जाऊन ये, वरून शहर बघ. मग शेवट नव्यानं लिही आणि सोमवारी मला पाठव. वेळ सात मिनिटांचाच आहे, तेव्हा फिल्बी गाळलास तरी चालेल, रंगो बापूजी गाळू नकोस.

तुझे,
सर