किमो बंद झाली, शेक चालू ठेवायचा का?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीची) जुनी सवय. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. नंतर नागपूरला ३० शेक (रेडिएशन) आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची किमो ठरली. तीन किमो, १६ शेक झाले. उलट्या थांबत नाहीत, कानात सारखी शिट्टी वाजते, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) ०.९ चं १.८ झालं. डॉक्टरांनी किमो थांबवली. गावात म्हणतात, ‘किमोच झेपत नाही तर हाल कशाला? घरी आणा, जडीबुटी द्या.’ बाबाही कंटाळले आहेत. काय करावं?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : उरलेले १४ शेक आधी पूर्ण करा. या उपचारात मुख्य काम रेडिएशनचं. किमो त्याचा जोर वाढवायला असते. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत किमो दिल्याने पाच वर्षांनी शंभरात सहा-सात रुग्ण जास्त जगतात. फायदा खरा आहे, पण किमो गेली म्हणून सगळंच गेलं असं नाही. शेकात खंड पडला तर मात्र जास्त नुकसान, कारण उरलेल्या पेशी साधारण चौथ्या आठवड्यापासून भरभर वाढू लागतात आणि बाबा नेमके तिथेच आहेत. पेरणी असो की पोळा, गाडी चुकवू नका.

आता ऑपरेशननंतरचा बायोप्सी रिपोर्ट काढा. ‘मार्जिन’ला, म्हणजे कापलेल्या भागाच्या कडेला, कॅन्सर लागला होता का आणि मानेच्या गाठीचं आवरण फोडून बाहेर आला होता का, एवढंच बघा. ऑपरेशननंतर शेकासोबत किमो देतात ती मुख्यतः या दोन कारणांसाठी. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर थांबलेल्या किमोची फार चिंता नको. ‘हो’ असेल तर हिशेब करा : कार्डावर दर वेळी ६० मिलीग्रॅम लिहिलं असेल आणि शरीराचं क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर असेल, तर डोस चौरस मीटरमागे ४० चा. तीन मिळून १२०. एकूण २०० पुरेसे मानतात. म्हणजे काही बाकी आहे.

पण ते सिस्प्लॅटिननेच भरायचं असं नाही. कानातली शिट्टी हा इशारा आहे. या औषधाने गेलेलं ऐकू येणं सहसा परत येत नाही. कानाची तपासणी करून घ्या. क्रिएटिनिन मात्र कधी कधी उतरतं. उलट्या आणि तोंडाच्या फोडांमुळे पाणी पोटात गेलं नाही की ते चढतं, त्यात मेडिकलवरून आणलेली डायक्लोफिनॅक-आयबुप्रोफेनची दुखण्याची गोळी भर घालते. ती बंद करा, सलाईन लावून पुन्हा तपासा. उलटीसाठी ओन्डान्सेट्रॉनने भागत नसेल तर रात्री ओलान्झापिन चालेल का, विचारा.

पर्याय म्हणून डॉक्टरांना डोसेटॅक्सेलबद्दल विचारा. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने सिस्प्लॅटिन न चालणाऱ्या ३५६ रुग्णांवर ते तपासलं : दर आठवड्याला चौरस मीटरमागे १५ मिलीग्रॅम, जास्तीत जास्त सात वेळा. दोन वर्षांनी आजार न परतता जिवंत असलेले नुसत्या शेकात ३०.३ टक्के होते, औषध जोडल्यावर ४२. किडनीला त्याचा त्रास कमी, पण लिव्हरची तपासणी आधी हवी. किंमत वेगळीच मोजावी लागते : तोंड आणि घशाच्या तीव्र जखमा २२ टक्क्यांवरून जवळपास ५० टक्क्यांवर गेल्या. म्हणून वजन आठवड्याला मोजा. महिन्यात अडीच किलो उतरलं तर नाकातून नळी टाकायला कुरकुर करू नका. मिक्सरमधून काढून गाळलेलं वरण आणि दूध त्यातून जातं. लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा गुळण्या.

कार्बोप्लॅटिनही देतात, पण ते रक्तपेशी पाडतं. औषध बदललं की जन आरोग्य योजनेची मंजुरी नव्याने लागते का, हे त्याच दिवशी आरोग्यमित्राला विचारा, नाहीतर बिल अंगावर पडतं. डोसेटॅक्सेलनंतर ताप १०० च्या वर दिसला, तर पॅरासिटामॉल देऊन झाकू नका; सरळ हॉस्पिटलला फोन.

जडीबुटीची पुडी कोणी दिलीच, तर पुडीसकट डॉक्टरांना दाखवा. भस्म असेल तर क्रिएटिनिन १.८ असताना नाहीच. खर्राही पूर्ण बंद, ‘नुसती सुपारी’सुद्धा नको.